दारू नाही, खडा नाही, तरी पॅनक्रियाला सूज: ट्रायग्लिसराइड की कॅल्शियम?

वरच्या पोटात कळ येऊन ती पार पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, आणि ॲडमिट केल्यावर डॉक्टर पॅनक्रियाटायटिस (पॅनक्रियाला, म्हणजे स्वादुपिंडाला सूज) म्हणाले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पितात काय?" आमच्या मामांच्या वेळी मामी या प्रश्नानंच रडकुंडीला आली, कारण मामा कधी दारूला शिवले नाहीत. सोनोग्राफीत पित्ताचे खडेपण नव्हते.

बहुतेक पेशंटमधे कारण खडा नाहीतर दारू हेच निघतं. पण दोन्ही नसेल तर रक्तातल्या दोन गोष्टी बघायलाच लागतात, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि कॅल्शियम. आधी कुठलं म्हणाल तर ट्रायग्लिसराइड, आणि तेही ॲडमिट झाल्या झाल्या, कारण पेशंट उपाशी राहून सलाईनवर गेला की एकदोन दिवसांतच आकडा झपाट्यानं खाली येतो. मामांचं चौथ्या दिवशी तपासलं तेव्हा 480 आलं आणि सगळे म्हणाले एवढ्यानं काय होत नाही. याचा मला अजून राग येतो, कारण पहिल्याच दिवशी रक्त काढलं तेव्हा वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतंय असं लॅबवाला बोलला होता. नॉर्मल 150 च्या आत, आणि धोका खरा वाढतो 1000 च्या वर. पॅनक्रियाची सूज ओळखायला रक्तात अमायलेज आणि लायपेज तपासतात, पण इतकी चरबी असली की अमायलेज कधीकधी खोटं नॉर्मल येतं, म्हणून लायपेजपण करून घ्या.

कॅल्शियमचं वेगळंच. ते साधारण 8.5 ते 10.5 असतं, पण अटॅकमधे स्वतःहून उतरतं, त्यामुळं आधी वाढलेलं असलं तरी त्या दिवशी नॉर्मल दिसू शकतं. म्हणजे ॲडमिट असताना एकदा करायचं आणि बरं झाल्यावर काही आठवड्यांनी अल्ब्युमिनसोबत (रक्तातलं एक प्रोटीन) परत, आणि जास्त आलं तर पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइडचं हार्मोन. कॅल्शियम वाढण्यामागं बहुतेक वेळा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ असते. पूर्वी मुतखडे होऊन गेलेत, हाडं दुखतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं भरपूर घेतलीत, असं असेल तर कॅल्शियमवर संशय जास्त. शुगर कंट्रोलमधे नाही, पोट सुटलंय, घरात अजून कुणाची चरबी वाढलेली आहे, स्टेरॉइड चालू आहे, तर ट्रायग्लिसराइडवर.

उपचारात खरा फरक पडतो. कॅल्शियमवाल्याची गाठ ऑपरेशननं काढली की बहुतेकांचा प्रश्न मिटतो, म्हणून कारण सापडणं ही त्यातल्या त्यात चांगली बातमी समजा. ट्रायग्लिसराइडवाल्याला दवाखान्यात गरज पडली तर इन्सुलिन लावतात, पण पुढं चरबी कमी करणारी फेनोफायब्रेटसारखी गोळी, शुगर कंट्रोल आणि पथ्य, हे कायमचंच.

आणि पथ्य इथं कोल्हापुरात लई अवघड. रश्श्यावरची तर्री, मिसळीचा कट, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, सगळी चरबीच, आणि आकडा इतका वर असताना तूप सोडून तेल घेतलं म्हणून फायदा होत नाही, दोन्ही कमी करायला लागतं. गूळ आणि साखरेनंपण ट्रायग्लिसराइड वाढतं, हे तर आमच्या घरात कुणाला पटतच नव्हतं. उलट पॅराथायरॉइडवाले कॅल्शियम नाव ऐकूनच दूध बंद करतात, ते करू नका, नेहमीएवढं दूध चालतं, पाणी मात्र भरपूर प्या, बाकी डॉक्टरांना विचारून.

मामांचं डिस्चार्जनंतर दीड महिन्यानं परत लिपिड प्रोफाइल केलं, गोळी नव्हती आणि जेवण पहिल्यासारखं चालू होतं, तर 1260 आलं. मग कुठं उपचार सुरू झाले. तुमच्याकडं दोन्ही आकडे वेळेवर तपासून नॉर्मलच आले तर डॉक्टरांना एंडोस्कोपिक सोनोग्राफीबद्दल (तोंडातून नळी घालून आतून करायची सोनोग्राफी) विचारा, साध्या सोनोग्राफीत न दिसणारे बारीक खडे त्यात सापडतात.