भाडेकरू गेला, सामान राहिलं: जागेवर ठेवावं, हलवावं की विकावं?

बेडरूममध्ये लोखंडी कपाट, माळ्यावर दोन सुटकेस, बाल्कनीत इन्व्हर्टरची बॅटरी आणि भिंतीवर भाडेकरूनेच लावलेला एसी. घर सोडलं, पण हे सगळं मागे राहिलं. घरमालकापुढे तीन वाटा असतात: सामान तिथेच ठेवणं, दुसरीकडे हलवणं किंवा विकून टाकणं. कोणती धरायची हे ठरवण्याआधी एकच गोष्ट पाहा: घराचा ताबा खरोखर तुमच्याकडे आला आहे का?

किल्ली परत मिळाली असेल किंवा ‘घर रिकामं केलं’ असा मेसेज हातात असेल, तर प्रश्न फक्त सामानाचा उरतो. किल्ली त्याच्याकडे आणि फोन बंद, अशी स्थिती असेल तर कुलूप तोडून आत जाऊ नका. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, मुदत संपली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर जागा अडवून ठेवली, तर त्या काळाची भरपाई दुप्पट दराने मागता येते. नोंदणी केलेला करार इथे खरा कामाला येतो.

जागेवरच ठेवणं

कायद्याच्या दृष्टीने हा सगळ्यात निर्धोक मार्ग, पण भाडं बुडतं. समजा भाडं १८,००० रुपये आहे, म्हणजे रोजचे ६००. पंधरा दिवस घर अडकलं की ९,००० गेले. आतल्या जुन्या गादी-टेबलाचे तेवढे पैसे येणार नाहीत. म्हणून भाडेकरू संपर्कात असेल, सामान महागाचं असेल किंवा नवीन भाडेकरू यायला अवकाश असेल, तरच हा मार्ग परवडतो. तारीख ठरवून घ्या, आणि तोपर्यंतचं भाडं कोण देणार हे त्याच मेसेजमध्ये लिहून त्याचा होकार मिळवा.

हलवून ठेवणं

टेम्पो आणि हमालीचा खर्च येतो, पण घर मोकळं होतं. आमच्या मते बहुतेक वेळा हाच पर्याय धरावा. एक लक्षात ठेवा: सामान ताब्यात घेतलं की ते सांभाळण्याची जबाबदारीही येते. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी अपेक्षित असते. पार्किंगच्या ओल्या कोपऱ्यात कपाट गंजलं, तर भरपाईचा वाद तुमच्या अंगावर येतो.

हलवण्याआधी सोसायटीचा सेक्रेटरी किंवा मॅनेजर आणि एक शेजारी असे दोघे साक्षीदार घ्या. व्हिडिओ दारापासून सुरू करा आणि मध्ये न थांबवता काढा. खण आणि कपाटं उघडून दाखवा. यादीत फक्त ‘टीव्ही’ लिहू नका, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. खोकी टेपने बंद करून जोडावर साक्षीदारांच्या सह्या घ्या. पुढे ‘सुटकेसमध्ये दागिने होते’ असा दावा झाला, तर या सह्याच कामी येतात.

विकणं किंवा भंगारात देणं

घाईत बहुतेक जण हेच करतात आणि अडकतात. मागे राहिलं म्हणून सामान तुमचं होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे लायसन्स रद्द झाल्यावर लायसन्सीला, म्हणजे त्या परवानगीवर राहणाऱ्याला, सामान नेण्यासाठी वाजवी वेळ मिळायला हवा. त्यात दिवसांचा आकडा नाही. पंधरा दिवस, आणि माणूस परदेशी गेला असेल तर तीस, एवढी मुदत दिली की तिला अपुरी म्हणणं अवघड जातं. न विचारता विकून पैसे खिशात घातले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली, म्हणजे मालमत्तेच्या अपहाराची, तक्रार होऊ शकते.

नोटीस ईमेलवर, व्हॉट्सअॅपवर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पत्ता करारातला कायमचा घ्या. पुष्कळ नोटिसा भाड्याच्या घराच्याच पत्त्यावर जातात आणि पाकीट मालकाच्याच दारात येऊन पडतं. नोटिशीत यादी, न्यायची शेवटची तारीख, त्यानंतर काय करणार आणि हलवण्याचा खर्च, सगळं असू द्या. मुदतीनंतर सामान विकता येईल असं कलम करारात असेल तर पुढची वाट बरीच सोपी होते. विक्रीची पावती ठेवा, खर्च वजा करून उरलेली रक्कम डिपॉझिटच्या हिशोबात जमा दाखवा.

काही वस्तू मुदत उलटली तरी विकायच्या नाहीत. पासपोर्ट केंद्र सरकारची मालमत्ता असतो, तो आणि मार्कशीट, आधार यांसारखी कागदपत्रं कायमच्या पत्त्यावर पाठवा. गॅस सिलिंडर वितरकाकडे, इंटरनेटचा राउटर कंपनीकडे द्या. पार्किंगमधली दुचाकी भंगारवाल्याला देऊ नका. आरसी दुसऱ्याच्या नावावर असते, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

भिंतीला लावलेल्या वस्तू

इथे निवड दोनच: त्याला काढून नेऊ देणं किंवा पैसे देऊन ठेवून घेणं. लायसन्सऐवजी भाडेपट्टा (लीज) असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८(ह) प्रमाणे भाडेकरूने जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंतच काढता येतात, आणि जागा मूळ स्थितीत द्यावी लागते. लायसन्समध्ये करारात जे लिहिलंय तेच पाहिलं जातं.

एसी भाडेकरूने नेलेलाच बरा, पण मेकॅनिक आणून. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अॅलन-कीने बंद करतात, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड पाइपचा बंद करून लगेच मशीन बंद करतात. हे न करता पाइप कापला तर गॅस उडून जातो, आणि आर-३२ असेल तर तो पेट घेणारा असतो. मागे राहिलेलं पाइपचं भोक सिमेंटने बुजवून घ्या, नाहीतर पावसात भिंत ओलावते.

गीझर, मच्छरजाळी आणि पडद्यांचे रॉड मात्र ठेवून घ्यावेत. जाळीच्या चौकटी त्याच खिडकीच्या मापाच्या असतात, दुसरीकडे बसत नाहीत, त्यामुळे त्या स्वस्तात मिळतात. गीझर काढलाच तर पाण्याच्या पाइपच्या अर्ध्या इंचाच्या दोन्ही तोंडांना प्लग लावा. नुसत्या अँगल व्हॉल्व्हवर विसंबलं की तो झिरपतो आणि खालच्या मजल्याचं छत ओलं होतं. वायरची उघडी टोकं कनेक्टरमध्ये बंद करा आणि एमसीबी खाली पाडून ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करू नका, आतलं अॅसिड सांडतं. नोटिशीची मुदत संपल्यावर ती रद्दीवाल्याकडे न देता बॅटरीच्या डीलरकडे द्या, तो जुनीचे पैसे देतो आणि पावतीही. ठेवून घ्यायच्या वस्तूंचा भाव किल्ली हातात घेण्याआधी ठरवून डिपॉझिटच्या हिशोबाच्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या.