आठ महिने तोंडाने टायपिंग : आमवात, मेंदू आणि फोनचा माइक

मी मेंदूविज्ञान शिकलेली आणि गेली अकरा वर्षं आमवाताची पेशंट. सकाळी बोटं मोकळी व्हायलाच तास-दीड तास जातो. आमवातावरचं आठवड्याचं औषध, मेथोट्रेक्सेट, घेतलं की दुसरा दिवस आडवा. प्रयोगशाळा सुटली तेव्हा ठरवलं, मेंदूच्या आरोग्यावरचं संशोधन आठवड्याला एक पान साध्या मराठीत लिहायचं. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत दुपारी बायका विड्या वळायला बसतात, तिथे कुणीतरी ते मोठ्याने वाचतं. टायपिंग झेपेना, म्हणून फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायला लागले.

पहिला महिना नुसता वैताग. 'मेंदू'ची 'मेंदी' व्हायची. 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब न देता तो शब्दच उमटायचा. एकदा 'संज्ञानात्मक ऱ्हास' पाच वेळा बोलले, पाचही वेळा वेगळंच काहीतरी आलं. चिडून म्हटलं, "विसरणं वाढत जातं." एका झटक्यात बरोबर! मग आधी हाताने लिहिलेली पानं काढून बघितली. सगळी सेमिनारला वाचल्यासारखी. आता फोन अडखळला की मी शब्दच बदलते.

सगळ्यात चाललेलं पान कानांवरचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं आहेत. ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. त्यात कमी ऐकू येणं हे एक मोठं कारण. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "माग बंद झाला तरी कानात चालूच असतोय की ओ. मग आमच्या मालकांना कानाचं मशीन घेऊन दिलं तर विसरायचं थांबतंय का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या चाचणीत सगळ्यांची सरासरी काढली तर श्रवणयंत्राने फरक दिसला नव्हता. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. हे दोन वाक्यांत कसं सांगायचं? माइक चालू ठेवला आणि अक्का समोर आहेत असं धरून बोलत गेले : "बीपी, शुगर असेल तर उपयोग व्हायची शक्यता जास्त. खात्री नाही. पण ऐकू तर येईल, तेवढ्यासाठी तरी कान तपासून घ्या." हे मला टाइप करून कधीच जमलं नसतं.

आता खरी तक्रार. रक्तदाबाच्या पानात मी बोलले होते, "गोळी बंद करू नका." फोनने 'न' खाल्ला. पडद्यावर उमटलं, "गोळी बंद करू का". छापायच्या आधी भाचीच्या लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हापासून प्रत्येक 'नका', 'नाही' आणि आकडा तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते. औषधांबद्दल लिहिणाऱ्याने हे यंत्र एकट्याच्या भरवशावर वापरू नये. मी तरी वापरणार नाही.

एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसून बोललं की निम्मे शब्द गळतात, आणि सोलापुरात तेव्हा पंखा बंद करणं म्हणजे वेडेपणा. कॉलरला लावायचा वायरचा माइक घेतल्यावर बराच फरक पडला. वीज गेली की मात्र झकास चालतं! पान पूर्ण व्हायला आधी चार दिवस लागायचे, आता दोन. बोटांची सूज गेलेली नाही, ती या यंत्राच्या हातात नाही. दमले की जीभही जड होते, मग पान एक आठवडा पुढे जातं. बायका रागावत नाहीत.

पुढचं पान नजरेवर. २०२४ च्या यादीत उपचार न झालेलं अंधुक दिसणं नव्याने आलंय. 'मोतीबिंदू' फोनने पहिल्याच वेळी बरोबर घेतला.