आइसलँडच्या हवामान खात्याचे संकेतस्थळ: प्रवाशासाठी परीक्षण

आइसलँडला निघालेल्या मराठी पर्यटकांकडे धबधब्यांची आणि हॉटेलांची यादी तयार असते, पण तिथल्या हवामान खात्याचे ‘वेदुर डॉट आयएस’ हे विनामूल्य संकेतस्थळ फार थोड्यांनी उघडलेले असते. त्या देशात स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्याला याहून उपयोगी सेवा सापडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात, तिथे वादळ, भूकंप, हिमलोट, पूर आणि ज्वालामुखी या सगळ्यांवर हे एकच खाते नजर ठेवते आणि त्यातले बरेचसे इंग्रजीतही मांडते. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांचाच, पण ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावले. जागत्या ज्वालामुखीच्या शेजारी वावरण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून ही पाने आपण अधिक काळजीने वाचायला हवीत.

भूकंपांच्या नकाशावर अलीकडचे धक्के ठिपक्यांनी दाखवलेले असतात. ठिपक्याच्या रंगावरून धक्का किती ताजा आहे ते कळते आणि ३ पेक्षा अधिक तीव्रतेच्या धक्क्यासाठी चांदणी असते. एवढे ठिपके पाहून नवखा माणूस धास्तावेल, परंतु त्यांतले बहुतेक धक्के कोणाला जाणवतही नाहीत. लक्ष ठेवायचे ते एकाच जागी अचानक दाटणाऱ्या ठिपक्यांवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेक्यानेस द्वीपकल्पावर असेच धक्के दाटले आणि १० तारखेच्या रात्री ग्रिंदाविक गाव रिकामे करण्यात आले. १८ डिसेंबरला गावाजवळ जमीन फाटून लाव्हा उसळला आणि १४ जानेवारी २०२४ रोजी तो गावातल्या घरांपर्यंत पोहोचला. पुढे ८ फेब्रुवारीच्या उद्रेकाआधी तर सूचक धक्क्यांनंतर जेमतेम अर्धा तास मिळाला होता. त्यामुळे त्या भागात हिंडताना सकाळी एकदा नकाशा पाहून भागत नाही.

मी स्वतः सर्वाधिक रमलो ते नद्यांच्या नोंदींत. दक्षिणेकडे हिमटोपीखाली दडलेल्या कात्ला ज्वालामुखीचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला, पण उद्रेक दिसला नाही तरी तळच्या उष्णतेने वितळलेले पाणी साचून एकाएकी बाहेर पडू शकते. जुलै २०११ मध्ये अशाच लोंढ्याने मुलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून नेला आणि देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता तुटला. अशा नद्यांवरची केंद्रे पाण्याच्या पातळीबरोबर त्याची विद्युतवाहकताही मोजतात, कारण हिमनदीखालून येणाऱ्या भूऔष्णिक पाण्यात क्षार जास्त विरघळलेले असतात. वाहकतेची रेघ चढू लागली की काहीतरी घडत असल्याची शंका घ्यावी. एवढी तांत्रिक नोंद सर्वसामान्यांसाठी खुली ठेवणाऱ्या खात्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हवामानाचे इशारे पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत येतात. ते कळायला सोपे आहेत. वाऱ्याचा वेग मात्र मीटर प्रतिसेकंदात दिलेला असतो. २० हा आकडा आपल्या डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर होतो, आणि अशा वाऱ्यात बेसावधपणे उघडलेले गाडीचे दार बिजागरीतून वाकते. ध्रुवीय प्रकाशाच्या अंदाजासोबत ढगांचा नकाशाही आहे. त्यातला पांढरा भाग निरभ्र आकाशाचा आणि हिरवा ढगांचा, हे आधी समजून घ्यावे, नाहीतर नेमके ढगांखाली जाऊन थांबण्याची वेळ येते.

कोणता रस्ता बंद आहे, हे कळण्यासाठी रस्ते खात्याचे संकेतस्थळ वेगळे पाहावे लागते. निर्जन उंच प्रदेशात जाणाऱ्यांनी बचाव पथकांच्या ‘सेफट्रॅव्हल’ सेवेवर आपला मार्ग आणि परतीची वेळ नोंदवून ठेवावी, आणि आणीबाणीचा क्रमांक ११२ सोबतच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्यावा.