काट्याची वायर काढायची आहे: ब्लूटूथ बसवावं की वायफाय?

काटा खाली गाळ्यात आणि कॉम्प्युटर वर पोटमाळ्यावर, ही मांडणी वाशीच्या मसाला मार्केटात घराघरात देवघर असावं इतकी ठरलेली. त्रास असतो तो मधल्या सिरियल केबलचा, म्हणजे काट्याचं वजन वर कॉम्प्युटरपर्यंत नेणाऱ्या वायरीचा. हातगाडीचं चाक तिच्यावरून जातं, उंदीर तिला कुरतडतात, आणि मिरचीची पूड तिच्या टोकाच्या डीबी-9 कनेक्टरच्या पिनांत जाऊन बसते ती वेगळीच. मी काटे आणि इंडिकेटर (काट्याचा आकडा दाखवणारा भाग) दुरुस्तीची कामं करतो. कोपरखैरण्याहून निघून एपीएमसी, तुर्भे, रबाळे अशी रोजची फेरी. एकाच शेठच्या गाळ्यात वर्षात तिसऱ्यांदा केबल बदलली तेव्हा त्यांनीच विचारलं, "हे बिनवायरचं होत नाही का हो?" होतं. पण दोन प्रकारे होतं, आणि कुठला प्रकार घ्यावा हे मला दोन्ही बसवून, एक काढून, मग कळलं.

आधी दोन्हींत सारखं आहे ते उरकतो. अडॅप्टर, म्हणजे केबलऐवजी वजन बिनवायरने पाठवणारी डबी, कुठलाही असो, इंडिकेटरच्या बाहेर, मागच्या कनेक्टरला लागणाराच घ्या. आत 5 व्होल्ट सहज मिळतात म्हणून कव्हर उघडून मॉड्यूल आतच चिकटवायचा मोह मलाही झाला होता. पण सील तुटलं की पुन्हा वैधमापनशास्त्रवाल्यांची पडताळणी आली, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला ती वर्षातून एकदा असतेच, तेवढी धावपळ पुरे आहे. लॅमिंग्टन रोडला सुटं एचसी-05 (ब्लूटूथचं) किंवा ईएसपी8266 (वायफायचं) मॉड्यूल स्वस्तात मिळतं, ते थेट लावू नका. ती मॉड्यूलं 3.3 व्होल्टवाली, इंडिकेटरच्या सिरियल पोर्टची (आरएस-232) लाइन उणे-अधिक पंधरा व्होल्टपर्यंत जाऊ शकते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स3232 सारखी चिप नसली तर मॉड्यूल गेलंच समजा. तयार डबीत ती चिप असते, म्हणून मी आता तयार डबीच घेतो.

पडद्यावर काहीच येत नसेल तर बहुधा 2 आणि 3 नंबरच्या पिना अदलाबदल करायच्या राहिल्यात. आकड्यांऐवजी चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं येत असतील तर अडॅप्टरचा बॉड रेट (अक्षरं पाठवायचा वेग) इंडिकेटरशी जुळत नाही. इथे एक गोम आहे. साध्या अडॅप्टरांत कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये टाकलेला बॉड रेट निव्वळ शोभेचा असतो. खरा तो अडॅप्टरच्या पोटात बसवलेला. मी एक अख्खी दुपार प्रोग्राममध्ये 2400, 4800, 9600 करत घालवली होती, खाली तोलणार अप्पा विडी ओढत माझी गंमत बघत बसले होते.

आता ब्लूटूथ. पेअर करायचं, पिन बहुतेक 1234, आणि विंडोज दोन कॉम पोर्ट (प्रोग्राम ज्यांतून वजन वाचतो ती नंबर दिलेली दारं) तयार करून देतं: एक आउटगोइंग, एक इनकमिंग. कॉम्प्युटरने अडॅप्टरला हाक मारायची असते, त्यामुळे प्रोग्रामला आउटगोइंगचा नंबर द्यायचा. इनकमिंगचा दिला तर पोर्ट उघडतो, एररही येत नाही, आणि वजनही येत नाही. एवढं कळलं की जोडणी दहा मिनिटांची.

पण ब्लूटूथचा खरा छळ आहे तो नंबरांचा. काही कारणाने पेअरिंग काढून पुन्हा केलं की बहुतेक वेळा नवा नंबर मिळतो. जुना नंबर कुठेतरी "वापरात" म्हणून अडकून राहतो. कॉम 5, मग 7, मग 9. आपल्याकडचे पावतीचे प्रोग्राम कधीकाळी व्हीबी6 या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत कुणी लिहून दिलेले, लिहिणारा आता फोन उचलत नाही. त्यातला पोर्ट वाचणारा एमएसकॉम हा घटक कॉम 16 च्या पुढे जातच नाही. एका गाळ्यात मी पोचलो तेव्हा गाडी कॉम 17 वर गेली होती आणि दिवाणजी म्हणाले, "कालपर्यंत चालत होतं." कालपर्यंत सोळाच होते ना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला लावून जुनी भुतं एकेक करून काढली, मग नंबर खाली आला. आता मी पेअरिंग झालं की नंबर मार्करने मॉनिटरच्या कडेवर लिहून ठेवतो आणि खाली लिहितो, "पेअरिंग काढू नये." तरी कुणीतरी काढतंच.

अंतराचंही सांगतो. साध्या क्लास 2 च्या (कमी ताकदीच्या) डबीचा पल्ला कागदावर दहा मीटर. एक स्लॅब आणि लोखंडी जिना मध्ये आला की माझ्या अनुभवात त्याचं निम्मं धरावं. कॉम्प्युटरला लावायचं ब्लूटूथचं डोंगल सीपीयूच्या मागे, भिंतीकडे तोंड करून खोचलेलं असेल तर तेही नाही. यूएसबीची हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलाच्या कडेला आणला की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. यूएसबी 3 च्या निळ्या पोर्टात तर लावूच नये, त्याचा गोंगाट याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. क्लास 1 ची (जास्त ताकदीची) डबी मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावी.

एका वेळी एकच जोडीदार, हीही ब्लूटूथची मर्यादा. शेठच्या मुलाने हौसेने मोबाइलवर टर्मिनलचं ॲप टाकून वजन बघितलं, तेवढा वेळ वर दिवाणजींचा काटा बंद. आणि आयफोनवाला असेल तर ते ॲपही नाही, कारण हा जुना सिरियलचा प्रोफाइल आयफोन असा सहज बोलत नाही.

हे सगळं ऐकून कुणीही म्हणेल, मग वायफायच बरं. मीही तेच म्हणालो होतो.

वायफायची डबी बसवायला सुरुवातीला थोडी जास्त डोकेफोड, पण ती एकदाच. डबी आधी स्वतःचं नेटवर्क सोडते. त्याला जोडून ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकायचा, मी वापरलेल्या डबीत तो 10.10.100.254 होता. तिथे गाळ्याच्या राउटरचं नाव, पासवर्ड, बॉड रेट भरायचा. या डब्या बहुतेक 2.4 वरच चालतात, राउटरने 2.4 आणि 5 एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडताना नखरे होतात, नावं वेगळी करून घ्यावीत. मग राउटरमध्ये डबीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करायचा, नाहीतर चार दिवसांनी शोधत बसाल. कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल कॉम पोर्टचं सॉफ्टवेअर टाकायचं, त्यात आयपी आणि पोर्ट (माझ्याकडे 8899) द्यायचा, आणि कॉमचा नंबर आपल्याला हवा तो निवडायचा. कॉम 3 म्हटलं की कॉम 3, जन्मभर. ब्लूटूथने इतका पिडलेला माणूस या एका सोयीवर भाळला तर त्यात नवल नाही.

शिवाय पल्ला राउटरचा, त्यामुळे स्लॅब-जिन्याची फिकीर कमी. दोन कॉम्प्युटरांना एकच काटा दाखवता येतो, डबीने परवानगी दिली तर. नेटवाल्याचा पोरगा राउटर बदलून गेला की मात्र सगळं बंद पडतं. त्यावर तोडगा सोपा, नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. मार्केटात प्रत्येक गाळ्याला राउटर असल्यामुळे 2.4 चा पट्टा भाजी मार्केटच्या पहाटेसारखा भरलेला असतो. ब्लूटूथ 79 चॅनेलांवर उड्या मारत वाट काढतं, वायफाय एका जागी उभं राहून धक्के खातं. पण वजनाची ओळ असते किती, पंधरा-वीस अक्षरं. गर्दीमुळे वजन अडलंय असं मला तरी दिसलं नाही.

तर वायफाय बसवलं, शेठ खूश, दिवाणजी खूश, मीही बिल घेऊन गेलो. पावणेदोन महिने काही फोन नाही.

मग एका सकाळी हळदीच्या गोण्या उतरत होत्या. खालच्या बोर्डावरची लाइट क्षणभर लुकलुकली. इंडिकेटरला स्वतःची बॅटरी असते, त्याला काही कळलंच नाही. वर कॉम्प्युटर आणि राउटर इन्व्हर्टरवर, त्यांनाही काही कळलं नाही. मधली डबी मात्र मोबाइलच्या चार्जरवर होती. ती बंद झाली आणि दोन सेकंदांत पुन्हा चालू होऊन गुमान राउटरला जाऊन जोडली. हिरवा दिवा खाली, हिरवा दिवा वर. आणि दिवाणजींच्या पडद्यावर 50.25.

पुढची गोणी, 50.25. त्याच्या पुढची, 50.25. दिवाणजी पावतीमागून पावती काढत होते. अकराव्या पावतीला खालून अप्पा ओरडले, "अहो, ही फाटकी गोणी आहे, चाळीसपण नाही भरत!" तेव्हा कुठे वर मान वर झाली. अकरा पावत्या रद्द, गोण्या पुन्हा काट्यावर, हमालांची बोलणी मला फोनवर ऐकवण्यात आली. हिशेबाला बसलेला व्यापारी शंकेखोर असता तर प्रकरण वाढलं असतं, कारण चूक प्रत्येक पावतीवर छापील आणि नीटनेटकी होती.

झालं असं. वायफायमध्ये कॉम्प्युटर आणि डबी यांच्यात टीसीपीचं कनेक्शन असतं, म्हणजे दोघांनी आधी ओळख करून घ्यायची आणि मग बोलायचं. डबी मरून पुन्हा जन्मली, तिला जुनं कनेक्शन आठवत नाही. पण कॉम्प्युटरला ती मेल्याचं कुणी सांगितलं नाही. त्याने एखादं अक्षर पाठवलं असतं तर डबीने "तू कोण?" म्हणून झिडकारलं असतं आणि भांडं फुटलं असतं. पण काटा फक्त बोलतो आणि कॉम्प्युटर फक्त ऐकतो. ऐकणारा शांतपणे ऐकत राहिला, आणि प्रोग्राम शेवटचा आकडा दाखवत राहिला. टीसीपीत "जिवंत आहेस का" विचारायची सोय आहे, कीप-अलाइव्ह म्हणतात; पण ती मुळात चालू करावी लागते, आणि चालू केली तरी विंडोजमध्ये न सांगता तिची मुदत दोन तास असते. दोन तासांत मसाला मार्केटात गाडी रिकामी होऊन परत जाते.

दोष काही वायफायचा एकट्याचा नाही, हे मान्य. प्रोग्रामने पाच सेकंदांत नवी ओळ आली नाही तर आकडा पुसायला हवा होता. चांगल्या व्हर्च्युअल पोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये कीप-अलाइव्हची मुदत दहा सेकंदांवर आणता येते. डबीच्या चार्जरलाही इन्व्हर्टर देता आला असता. हे सगळं करता येतं, आणि ज्याच्याकडे स्वतःचा प्रोग्रामर आहे त्याने करावंच. पण माझ्या गिऱ्हाइकाकडे आहे तो व्हीबी6 चा जुना प्रोग्राम आणि फोन न उचलणारा माणूस.

ब्लूटूथमध्ये हीच लाइट लुकलुकली तर काय होतं, ते मी नंतर मुद्दाम चार्जर काढून चार-पाच वेळा पाहिलं. काही सेकंद जुना आकडा तसाच राहतो, जास्तीत जास्त वीसेक. तुटलेल्या दुव्याची वाट बघायची ठरलेली मुदतच साधारण तेवढी आहे. मग पोर्ट पडतो आणि प्रोग्राम भलीमोठी एररची खिडकी मध्यभागी आणून आपटतो. दिवाणजी वैतागतात, प्रोग्राम बंद करून चालू करतात, वजन येतं. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं वागणं वेगळं असू शकेल, मी माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांचे तेवढेच पाहिलेत. पण त्या खिडकीमुळे चुकीची पावती निघत नाही. मला बोलणी खायला लावणारं यंत्र आणि मला तोंडघशी पाडणारं यंत्र यांत मी पहिलं घेतो.

म्हणून त्या गाळ्यात आता पुन्हा ब्लूटूथ आहे, क्लास 1 ची डबी, डोंगल एक्स्टेन्शनवर, मॉनिटरवर "कॉम 6" लिहिलेलं. महिन्यातून एखादा फोन येतो. मी जातो, चहा होतो, भुतं काढतो.

सगळीकडे हेच करा असं मी म्हणणार नाही. तुर्भ्याला एका गोदामात वजनकाटा आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणि ऑफिस या टोकाला. तिथे ब्लूटूथचं कामच नाही, वायफायच आहे, आणि प्रोग्राम नवा असल्याने तो ओळ थांबली की पडदा लाल करतो. तिथे मला अजून तरी तक्रार नाही. दोन टेबलांवर वजन हवं असेल तरी वायफायकडेच जावं लागेल. पण एक काटा, एक कॉम्प्युटर, एक स्लॅब आणि जुना प्रोग्राम एवढाच मामला असेल, तर मी तरी ब्लूटूथची डबी उचलतो.

वायफाय आधीच बसवून झालं असेल, किंवा कुणी बसवून देत असेल, तर पैसे देण्याआधी एवढं करून बघा. प्रोग्राम चालू ठेवा आणि स्वतः काट्यावर उभे राहा. पडद्यावर तुमचं वजन आलं की कुणाला तरी डबीचा चार्जर काढून परत लावायला सांगा. आता काट्यावरून खाली उतरा, पोटमाळ्यावर जा आणि पूर्ण एक मिनिट थांबून पडद्याकडे बघा. तिथे अजूनही तुमचं वजन दिसत असेल, तर बसवणाऱ्याला जाऊ देऊ नका.