जुन्या भयपटांचे संगीत नव्या ध्वनिमुद्रणात: तीन सीडी आणि एक दिवेलागण

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास मी ‘मॉन्स्टर म्युझिक’ ही सीडी पहिल्यांदा लावली, तेव्हा दुसरा तुकडा संपण्याआधीच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘अरे, दिवेलागणीला हे असलं काय लावून बसलास? आधी बंद कर ते.’’ समोर चित्र नाही, किंकाळी नाही, दोन जुन्या स्पीकरमधून येणारे ऐंशी वर्षांपूर्वीचे सूर तेवढे. तरीही हातातली भाजी टाकून तिला बाहेर यावेसे वाटले. या सीडीबद्दल पुढे मी ज्या तक्रारी करणार आहे, त्या ही साक्ष जमेस धरूनच वाचाव्यात.

नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेल्या या सीडीत युनिव्हर्सल स्टुडिओच्या तीन चित्रपटांचे संगीत आहे: ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९), ‘द इन्व्हिजिबल मॅन रिटर्न्स’ (१९४०) आणि ‘द वुल्फ मॅन’ (१९४१). संगीत प्रामुख्याने हान्स साल्टर आणि फ्रँक स्किनर या जोडीचे, वादन मॉस्को सिंफनी ऑर्केस्ट्राचे आणि संचालन विल्यम स्ट्रॉमबर्ग यांचे. हेच ध्वनिमुद्रण नव्वदच्या दशकात मार्को पोलो या लेबलवर आले होते. नॅक्सॉसने ते पुढे स्वस्त मालिकेत आणले, आणि माझ्यासारख्या पगारदार श्रोत्याला ते परवडले ते त्यामुळेच.

मूळ चित्रपट उपलब्ध असताना त्याचे संगीत पुन्हा वाजवून घेण्याची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर ‘द वुल्फ मॅन’ पाहताना मिळते. त्या काळी संगीत, संवाद आणि इतर आवाज फिल्मच्या कडेला असलेल्या एकाच अरुंद ध्वनिपट्टीवर बसवलेले असत. वाद्यवृंदाचे सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे स्वर त्या पट्टीत मावत नसत, आणि जे मावत ते पात्रे बोलू लागली की खाली दाबले जात. संगीतकाराने खर्जात जे काही विणून ठेवले होते, ते प्रेक्षकापर्यंत बहुधा पोहोचलेच नाही. या सीडीत ते पोहोचते. लांडगामाणसाची तीन स्वरांची खूण चित्रपटात नुसती ठोकल्यासारखी ऐकू येते. इथे मात्र तिच्याखाली सरकणारे चेलो आणि डबल बास वेगळे कळतात, आणि भीती त्या पितळी वाद्यांच्या गर्जनेपेक्षा या सरकण्यात अधिक आहे, हे प्रथमच लक्षात येते.

या ध्वनिमुद्रणामागील खरे कष्ट मात्र वादनाच्याही आधीचे आहेत. स्टुडिओंना जुन्या स्वरलिप्या म्हणजे अडगळ वाटत असे, आणि युनिव्हर्सलच्या या काळातील संपूर्ण वाद्यवृंदाच्या प्रती बहुतांशी नाहीशा झालेल्या होत्या. जॉन मॉर्गन यांनी संचालकासाठीच्या दोन-तीन ओळींच्या संक्षिप्त प्रती आणि चित्रपटाची ध्वनिपट्टी यांच्या आधारे कोणते वाद्य कुठे होते, हे ठरवून सर्व वाद्यांच्या ओळी पुन्हा लिहून काढल्या. एखाद्या जुन्या संगीत नाटकाची फक्त पेटीवाल्याची वही हाती लागावी आणि तिच्यावरून संपूर्ण साथसंगत उभी करावी, अशातला हा प्रकार आहे.

मुळात हे संगीत लिहिले गेले तेही अशाच धावपळीत. ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या वेळी आपण आणि स्किनर सलग ४८ तास स्टुडिओबाहेर पडलो नव्हतो, एक जण लिहीत असताना दुसरा कोचावर डुलकी काढत असे, असे साल्टर सांगत. हे समजल्यावर त्या संगीतातील किंचित अघळपघळपणा आपोआप माफ होतो. स्टुडिओनेही त्या कष्टांची पुरेपूर वसुली केली; याच चित्रपटाचे संगीत पुढच्याच वर्षी ‘द ममीज हँड’मध्ये पुन्हा वापरले गेले. आपल्याकडच्या मालिकांमध्ये सासूच्या प्रत्येक प्रवेशाला वाजणारा तोच तो ठेका ऐकून जे कंटाळतात, त्यांनी ही परंपरा किती जुनी आहे, हे लक्षात घ्यावे.

आता तक्रार. मॉसफिल्म स्टुडिओत झालेल्या या ध्वनिमुद्रणाला प्रशस्त जागेची घुमारदार झाक आहे. शीर्षकसंगीताला ती शोभते. पण जिथे धुक्यात एकच पाऊल वाजावे इतका नेमका, कोरडा आवाज हवा, तिथे ती घुमार भीतीच्या कडा गोल करून टाकते. जुन्या ध्वनिपट्टीचा कोंदटपणा हा दोष होता खरा, परंतु बंद तळघराचा वासही त्याच्यातच होता. हा वास नव्या ध्वनिमुद्रणात कसा टिकवायचा, हा प्रश्न या सीडीला पूर्णपणे सुटलेला नाही, असे माझे मत आहे.

दुसरी सीडी फ्रान्झ वॅक्समन यांनी ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) या चित्रपटाला दिलेल्या संगीताची. केनेथ अल्विन यांनी वेस्टमिन्स्टर फिलहार्मोनिककडून ते वाजवून घेतले आणि १९९३ मध्ये ते सिल्व्हा स्क्रीनने प्रसिद्ध केले. वॅक्समन बर्लिनमध्ये नाझींच्या गुंडांकडून मार खाऊन देश सोडलेले, आणि व्हिएन्नात जन्मलेले साल्टरही पुढे बर्लिनच्याच चित्रपटसृष्टीतून अमेरिकेत आलेले. त्यामुळे हॉलिवूडचे हे भय मध्य युरोपच्या उच्चारात बोलते. वधूला जिवंत करण्याच्या प्रसंगात टिम्पनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या तालवाद्याचा, एक ठोका हृदयासारखा अखंड चालू राहतो आणि वरचे सगळे काही त्याच्याभोवती वाढत जाते. टिम्पनीचे ते कातडे खोलीत असल्यासारखे ऐकू येते. एवढ्या एका प्रसंगासाठीसुद्धा ही सीडी घ्यावी. बाकीचा भाग चांगला आहे, पण त्याच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या सीडीपाशी मात्र थांबावे लागते, कारण बर्नार्ड हरमन यांच्या ‘सायको’च्या (१९६०) बाबतीत वरचा सगळा युक्तिवाद उलटा होतो. इथे संगीत संवादाखाली दबलेले नव्हते. उलट स्नानगृहातील खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असे दिग्दर्शक हिचकॉक यांचे मूळचे मत होते आणि हरमन यांनी संगीत लिहून, ऐकवून त्यांना ते बदलायला लावले. संपूर्ण चित्रपटाला फक्त तंतुवाद्ये. कृष्णधवल चित्राला कृष्णधवल आवाज, अशी हरमन यांची त्यामागची भूमिका होती. त्यातही जवळजवळ सगळीकडे वाद्यांना म्यूट, म्हणजे तारांखालच्या घोडीवर बसणारा छोटा चिमटा, लावलेला असतो आणि त्या एका प्रसंगात तो काढला जातो. तासभर गळा दाबून बोलणारा माणूस अचानक ओरडावा, तशी ती व्हायोलिने त्यामुळेच कानात शिरतात.

या संगीताची दोन ध्वनिमुद्रणे मी शेजारीशेजारी ठेवून ऐकली. पहिले खुद्द हरमन यांनी ऑक्टोबर १९७५ मध्ये नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २४ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले. दुसरे जोएल मॅकनीली यांच्या संचालनाखाली रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राने केलेले, व्हरेझ साराबांद या लेबलचे, १९९७ मधील. रचनाकाराने स्वतः हाताळलेले ते अस्सल, या समजुतीने मी पहिले आधी ऐकले आणि चकित झालो. सुरुवातीचे शीर्षकसंगीत चित्रपटापेक्षा स्पष्टपणे संथ आहे; पळून जाणाऱ्या बाईच्या गाडीचा जो वेग त्या लयीत आहे, तो इथे घाटात अडकल्यासारखा वाटतो. मात्र तीच संथ लय चित्रपटाच्या उत्तरार्धातील उदास तुकड्यांना विलक्षण मानवते, जणू म्हातारा माणूस स्वतःचेच जुने पत्र हळूहळू वाचतो आहे. मॅकनीली यांची लय चित्रपटाच्या जवळची, आवाज स्वच्छ आणि धार पक्की. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने हेच घ्यावे. हरमन यांचे ध्वनिमुद्रण त्यानंतरचे.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडे. या संगीतात कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतचे अंतर फार मोठे आहे, त्यामुळे पंखा चालू ठेवून ते ऐकण्यात अर्थ नाही, आणि ठाण्याच्या मे महिन्यात पंखा बंद करणे ही श्रोत्याकडून अपेक्षिलेली मोठीच तपश्चर्या आहे. आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पितळी वाद्ये कोसळतात आणि वरच्या मजल्यावरून विचारणा होते. वाशीला जाताना लोकलमध्ये हेडफोनवर प्रयत्न करून पाहिला. ऐरोलीपर्यंत फक्त मोठे आवाज आले, मधले सगळे गाडीने गिळले. स्ट्रीमिंगवर यातील बरेच काही सापडते, पण फुकटच्या खात्यात खुनाच्या ऐन प्रसंगानंतर साबणाची जाहिरात लागली, तेव्हा मी सीडीच मागवायचे ठरवले. माझ्या सीडीची प्लॅस्टिकची डबी कुरिअरच्या प्रवासात तडकून आली. तबकडी मात्र शाबूत होती. नॅक्सॉसच्या सीडीसोबतची पुस्तिका स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याच्या हाती पडत नाही, आणि संगीतकारांविषयी व पुनर्रचनेविषयी तिच्यात जे लिहिले आहे, ते वाचून दुसऱ्यांदा ऐकताना कान वेगळ्या ठिकाणी जातो.

एकच घ्यायची असेल, तर मी ‘मॉन्स्टर म्युझिक’ सुचवीन, कारण ‘सायको’चे संगीत मूळ चित्रपटातही पुरेसे ऐकू येते, साल्टर-स्किनर यांचे मात्र या ध्वनिमुद्रणाशिवाय धड ऐकताच येत नाही. आमच्याकडे ही सीडी आता रविवारी सकाळी अकरा वाजता, पूजा आटोपल्यावर लागते. परवा वुल्फ मॅनचा एक संथ तुकडा चालू असताना आई मटार सोलत ऐकत बसली होती. तो संपल्यावर तिने ‘‘हे बरंय की, यात घाबरण्यासारखं काय आहे?’’ असे विचारले, आणि पुढचा तुकडा सुरू होताच मटारचे ताट उचलून आत गेली.