कोलोकेशनचा अनुभव: दोन वीजमार्ग आणि एक बिल

आमच्या पुण्यातील वितरण व्यवसायाचे बिलिंगचे आणि साठ्याच्या नोंदींचे सर्व्हर गेल्या वर्षापासून नवी मुंबईतील महापे परिसरात, एका डेटा सेंटरमधील भाड्याच्या रॅकमध्ये आहेत. क्लाउडऐवजी कोलोकेशन, म्हणजे स्वतःचे सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने ठेवणे, निवडण्याचे कारण निव्वळ हिशेबी होते: सर्व्हर आधीच विकत घेतलेले होते, डेटाबेसवरचा भार जवळजवळ स्थिर असतो आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे मोजण्याची माझी तयारी नव्हती.

टियर थ्री (डेटा सेंटरच्या विश्वासार्हतेची तिसरी श्रेणी) इमारतीत एक वीजमार्ग दुरुस्तीसाठी बंद केला तरी ग्राहकाचा भार दुसऱ्यावर चालू राहिला पाहिजे. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्यासाठी ‘ए’ मार्ग रात्री बंद राहील, अशी रीतसर सूचना आम्हाला आली होती आणि आमच्या प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या पीडीयूंना (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्ट्यांना) जोडलेले होते. तरीही ठरलेल्या वेळी आमचा संपूर्ण रॅक बंद पडला. दोष ग्राहकाच्या उपकरणांत आहे, हे कंपनीचे पहिले उत्तर. अखेर रिमोट हँड्सची, म्हणजे डेटा सेंटरच्या तंत्रज्ञाकडून जागेवर काम करून घेण्याची, सेवा मागवल्यावर तंत्रज्ञाने केबलचा माग काढला, तेव्हा ‘बी’ची चिठ्ठी लावलेला पीडीयूही वरच्या बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवर) ‘ए’लाच जोडलेला आढळला. प्रमाणपत्र इमारतीच्या रचनेला मिळते. आपल्या रॅकपर्यंतची शेवटची केबल कोणी आणि कशी जोडली, हे त्यात कोठेही तपासलेले नसते.

इथपर्यंत मी समजून घेतले असते. मात्र महिनाअखेरीस रिमोट हँड्सचे बिल आले: किमान एक तासाची आकारणी, त्यावर रात्रीचा वाढीव दर आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. त्यांचीच चूक शोधून काढण्याचे पैसे आम्ही द्यायचे होते! टियर थ्रीच्या जाहिरातींत झळकणाऱ्या 99.982 टक्के उपलब्धतेचा अर्थ वर्षाला साधारण 95 मिनिटांचा खंड असा होतो. आमचा खंड त्याहून मोठा होता, परंतु करारानुसार मिळणारी सवलत फक्त मासिक भाड्याच्या टक्केवारीत होती. त्या रात्री अडकलेल्या मालाच्या गाड्यांचा हिशेब करारात बसत नाही.

तेव्हाच मी हा अभिप्राय लिहायला घेतला होता आणि तो आतापेक्षा बराच कडवट होता. जागा बदलण्यासाठी इतर दरपत्रके मागवली आणि माझे मत थोडे निवळले. काही ठिकाणी भाडे कमी दिसत होते, पण सर्व्हरने वापरलेल्या युनिटांना 1.6 ने गुणून वीजबिल लावले जात होते, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक युनिटामागे थंडाव्याचे आणि इतर यंत्रणेचे 0.6 युनिट आपल्या माथी. शिवाय किमान केव्हीएचे, म्हणजे वीजक्षमतेचे, आरक्षण, वापरा वा न वापरा. आमच्या सध्याच्या ठिकाणी आरक्षण असले तरी गुणक 1.6 हून कमी आहे. जोडणी दुरुस्त झाल्यानंतर पावसाळ्यात रॅक एकदाही बंद पडला नाही, तापमानाची नोंदही समाधानकारक राहिली आणि नेटवर्कबद्दल तक्रारीला जागाच नाही.

म्हणून मुक्काम हलवलेला नाही. नूतनीकरणाच्या मसुद्यात दोन कलमे घातली आहेत: आमच्या माणसासमोर ‘ए’ आणि ‘बी’ आळीपाळीने बंद करून दाखवणे, आणि दोष कंपनीचा निघाल्यास रिमोट हँड्स विनामूल्य. पहिले कलम त्यांनी लगेच मान्य केले. दुसऱ्यावर अजून विधी विभागाचा विचार चालू आहे आणि तोपर्यंत ते जुने बिल मी भरणार नाही.