राखेच्या विटा: अकरा हजार विटांच्या घरात दोन उन्हाळे काढल्यावर

मी वायरमन आहे. बावीस वर्षं लोकांच्या भिंतींना कटर मारतोय, त्यामुळे प्लास्टरच्या आत काय दडलंय हे मला मिस्त्रीइतकंच कळतं. जुळे सोलापुरात स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा लाल वीट घ्यायची की वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेची, हे मी दोन्हीच्या भिंती आतून बघून ठरवलं. राखेची घेतली. ११,००० विटा लागल्या, जागेवर पोच साडेसहा रुपये नग पडला. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढून मग लिहितोय.

माल होटगी रोडकडच्या एका कारखान्यातून घेतला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या भागातल्या आणखी दोन कारखान्यांतही बघितलंय.

आईचा विरोध होता. "राखेच्या भिंतीत राहायचं का रे आपण?" एवढंच ती म्हणाली आणि चार दिवस विषय काढला नाही. मग मी तिला कारखान्यात नेलं. तिथे पोत्यातली राख तिने चिमटीत धरली, बोटांवर चोळली. पिठापेक्षा मऊ, करडी. "ही तर भस्मासारखी आहे," म्हणाली. सिद्धरामेश्वराच्या गावात जन्म गेला, रोज कपाळाला भस्म लावते, कडधान्याच्या डब्यात अजूनही चुलीची राख घालते. त्यानंतर तिने नाव काढलं नाही, उलट विटांवर पाणी मारायला ती माझ्याआधी उठायची.

ही राख आहे आपल्या इथलीच. सोलापूरजवळ फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीच्या वीज केंद्राचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १,३२० मेगावॅट. पहिला २०१७ ला सुरू झाला, दुसरा २०१९ ला. दगडी कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. जळून झाल्यावर जड राख खाली पडते आणि बारीक राख धुराबरोबर वर निघते. चिमणीच्या आधी विजेचा उच्च दाब दिलेल्या तारा आणि त्यांच्यासमोर प्लेटा असतात, त्या ही राख ओढून धरतात. ती गोळा होऊन बंद टँकरने विटांच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांना जाते. आपल्या देशी कोळशात राखच भरपूर, शंभर किलोला तीस-चाळीस किलो.

मी वहीत एक हिशेब मांडला होता. एक युनिट वीज करायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या वर राख उरते. माझं घरचं बिल महिन्याला २१० युनिटचं. ती सगळी कोळशाचीच धरली तर पंचेचाळीस किलो राख झाली. एका विटेत पावणेदोन किलोच्या आसपास राख जाते. म्हणजे माझ्या एका घराच्या पंख्या-दिव्यांतून दर महिन्याला पंचवीस विटांची राख तयार होते. हा आकडा बघितल्यापासून मी या विटेकडे नुसता स्वस्त माल म्हणून बघू शकत नाही.

अर्थात माझ्या घरात येणारी वीज फताटेवाडीचीच आहे असं कुणाला सांगता येणार नाही. ग्रीडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या देशभरच्या जाळ्यावर, सगळी केंद्रं एकाच तालावर चालतात, ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एका तालात आली. म्हणजे देशाची ग्रीड एक झाली ती आपल्या सोलापुरातून, याचा मला वायरमन म्हणून फार अभिमान आहे. पण वीज तारेवरून डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो मैल जाते आणि राख मात्र इथेच उरते. ती उघड्यावर पडून उन्हाळ्याच्या वाऱ्याला उडण्यापेक्षा भिंतीत बसलेली कधीही चांगली.

आता विटेबद्दल. आकार नऊ इंच, सव्वाचार इंच, तीन इंच. वजन सव्वातीन किलोच्या आतबाहेर. राख, सिमेंट आणि खडीचा कच एकत्र करून प्रेसमध्ये दाबतात. भट्टी नाही, लाकूड नाही, शेतातली माती खरवडायला नको. भाजलेली नसल्यामुळे ती पक्की होते ती फक्त पाण्यावर आणि दिवसांवर. राखेतला सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू बांधला जातो, आणि त्याला आठवडे लागतात. सगळी गोम इथेच आहे.

पहिला माल ६,००० विटांचा आला. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज. किल्लीने ओरखडा ओढला तर नुसती रेघ उमटायची. मी घरच्या काट्यावर एक कोरडी वीट तोलली, ३,१५० ग्रॅम. चोवीस तास पाण्यात ठेवून पुन्हा तोलली, ३,५६०. म्हणजे तेरा टक्के पाणी प्यायली. या वर्गाच्या विटांसाठी मानकाची मर्यादा वीस टक्के आहे.

दुसऱ्या मालाला घात झाला. एप्रिलचा महिना, मिस्त्री मोकळा होता, कारखान्यात माल कमी होता आणि मला घाई. गाडी उतरवताना मिस्त्री म्हणाला, "मालक, वीट अजून हिरवी आहे. पण चालतंय की, सगळेच लावतात." मी हो म्हटलं. हिरवी म्हणजे पुरती पक्की न झालेली; आठवड्याभराच्या विटा होत्या त्या. मे महिन्यात ऊन चव्वेचाळीसवर गेलं आणि पश्चिमेच्या भिंतीत खिडकीच्या खालून पायऱ्यापायऱ्यांची चीर निघाली, सांध्यासांध्यातून. वीट नंतर सुकताना आकसते आणि भिंत तिला अडवून धरते, मग दुसरं काय होणार? त्यातली उरलेली एक वीट तोलली. कोरडी ३,०२०, भिजून ३,६९०. बावीस टक्के.

काटा आणि ती वीट घेऊन मी कारखान्यात गेलो. मालकाने वाद घातला नाही, उरलेल्या १,८०० विटा परत नेल्या आणि जुन्या थप्पीतल्या बदलून दिल्या. चिरलेली भिंत उघडून पुन्हा भरायचा खर्च मात्र दिला नाही. साडेचार हजार गेले. तारीख न विचारता माल उतरवून घेतला, ती चूक माझी. पण हिरवी वीट गाडीत भरणं ही त्यांची चूक, आणि ती त्यांनी माझ्याकडे कबूल केली.

वायरमन म्हणून माझं मत चांगलं आहे. कटर सरळ जातो, वायरीसाठी पाडलेल्या झिरीच्या कडा लाल विटेसारख्या तुटत नाहीत, स्विचचा डबा घट्ट बसतो. हातोडीने सरळ खिळा ठोकू नका, कड उडते. ड्रिल मारून फास्टनर लावा, टीव्ही-गिझर काहीही टांगा. एक गोष्ट जीव तोडून सांगतो: कटर कोरडा चालवू नका. या विटेची धूळ लाल विटेच्या धुळीहून बारीक असते, फडकं बांधून भागत नाही. पाणी सोडत कापा आणि चांगला मास्क लावा. माझ्या हाताखालचा पोरगा पहिल्या दिवशी रात्रभर खोकला, तेव्हापासून मी पाण्याची बाटली धरून उभा राहतो.

प्लास्टरला माल कमी लागतो, कारण विटा एकसारख्या. आतून अर्ध्या इंचात काम झालं. पण विटेचा चेहरा गुळगुळीत, म्हणून सांधे ओले असतानाच खरवडून घ्यायला सांगा, आणि कॉलमला भिंत भिडते तिथे जाळी मारल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका. बांधताना वीट हौदात बुडवायची नाही, नुसतं पाणी शिंपडायचं. लाल विटेची सवय असलेले मिस्त्री इथे हमखास चुकतात.

घर थंड राहतं का, हे सगळे विचारतात. मला फरक जाणवला नाही. सोलापुरात उष्णता स्लॅबमधून येते, विटेला दोष किंवा श्रेय देऊ नये. ओल मात्र दोन पावसाळ्यांत कुठेच आली नाही.

धाकट्या भावाचं कुंभारीला घर सुरू होतंय. त्याच कारखान्यात ९,००० विटा सांगितल्या आहेत. परवा जाऊन थप्पीवर खडूने पाडल्याची तारीख लिहून आलो, मालकाची सही चिठ्ठीवर घेतली. वीट पक्की व्हायचे अठ्ठावीस दिवस दिवाळीनंतर भरतात, तोवर जोतं होईल. आई म्हणते, दर रविवारी जाऊन बघून येऊ, पाणी मारतात की नाही ते.